मुक्या जीवास घर



वार्षिक अंकासाठी लेख मागितला की अभ्यास, शिस्त, वेळेचा सदुपयोग अशा विषयांकडे माझी लेखणी आपोआप वळते. यंदा मात्र एका कुत्रीवर लिहावे असे मनाने घेतले. हा विषय शाळेच्या अंकास शोभणारा नाही, असे कोणास वाटणे शक्य आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत जो धडा मला माझ्याच वर्गाच्या देखत शिकावा लागला, तो तिने शिकविला; सबब शिकविणाऱ्याचे ऋण म्हणून तरी हे लिहिणे प्राप्त आहे.

सन २०२४ च्या आषाढातील एका सकाळी पहिली घंटा होऊन गेली तरी नववीच्या वर्गात निम्मी बाके रिकामी होती. पाऊस मी म्हणत होता. उशिरा येणाऱ्यांसाठी मी रागाचे चार शब्द तयार ठेविले होते. मुले आली ती नखशिखांत भिजून, कारण चौघांचे रेनकोट एका कुत्रीच्या अंगाखाली व अंगावर पडलेले होते. फाटकापाशी कोणा वाहनाने तिला उडविले होते व तिचा मागचा पाय लोंबत होता. माझे चार शब्द घशातच राहिले. रिक्षा बोलाविली, रिक्षावाल्याने मागच्या बाकावर गोणपाट अंथरले, आणि आम्ही तिला गुरांच्या दवाखान्यात नेले. पाय बांधला गेला. दीड-दोन महिन्यांनी ती लंगडत का होईना, चालू लागली. रंग पिवळसर म्हणून मुलांनी तिचे नाव सोनी ठेविले. सुतारकामाच्या खोलीपुढील पडवी हे तिचे ठिकाण झाले.

पुढे दीड वर्ष ती शाळेची होऊन राहिली. मधल्या सुटीत तिच्यापुढे इतक्या पोळ्या पडत की कावळ्यांचीही चंगळ होई. वर्गणी काढून आम्ही तिला रेबीजची लस टोचून घेतली, तिचे निर्बीजीकरण करविले. पालक-सभेस आलेल्या पाहुण्यांस मी तिला मोठ्या कौतुकाने दाखवीत असे. आमची मुले किती दयाळू आहेत, हे सांगताना माझा आवाज किंचित चढत असे, हेही आज कबूल करतो.

मग २०२५ ची दिवाळीची सुटी आली. आदल्या वर्षी सुटीत तिला घालणारा जुना पहारेकरी आता निवृत्त होऊन गावी गेला होता, आणि ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. मुलांना वाटले, गुरुजी पाहतील. मला वाटले, जवळ राहणारी मुले येऊन जात असतील. सुटीच्या आठव्या दिवशी काही कागद नेण्यासाठी मी शाळेत गेलो. सोनी फाटकाच्या आतल्या बाजूस पडून होती. बरगड्या मोजता येत होत्या. भांड्यात पाणी नव्हते; होता तो वाळलेला पाला. मला पाहून तिने उठण्याचा यत्न केला, आणि शेपूट मात्र पूर्वीसारखीच हलविली. त्या शेपटीने मला जी शरम वाटली, ती कोणा वरिष्ठाच्या ताशेऱ्यानेही कधी वाटली नव्हती.

घरी परतताना मी विचार करू लागलो. तिला अन्न देणारे हात शेकड्याने होते. मग ती उपाशी का राहिली? उत्तर सोपे होते. ती सर्वांची होती, म्हणून कोणाचीच नव्हती. पोळी टाकण्यास जे मन लागते ते आमच्यापाशी होते. सुटीतही, पावसातही, कंटाळा आला असताही आपलेच म्हणून जे करावे लागते, ते करण्याचे कोणी पत्करलेच नव्हते.

संत नामदेवांची कथा तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. कुत्र्याने कोरडी भाकरी पळविली, तेव्हा महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. महाभारताच्या अखेरीस धर्मराजाची कथा येते. हिमालयाच्या वाटेवर सोबत आलेल्या कुत्र्यास मागे टाकून त्यास स्वर्गातही जावयाचे नव्हते. नामदेवांच्या कथेतील तुपाची वाटी आपल्या मनात भरते. धर्मराजाचे 'मी यास टाकणार नाही' हे तितकेसे भरत नाही, कारण ते फार दिवस निभवावे लागते. शुभवर्तमानात श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दाखला आहे, तोही मला त्या दिवशी नव्याने कळला. लाजर श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला पडून होता व कुत्री येऊन त्याचे फोड चाटीत. त्या श्रीमंताने त्यास हाकलून दिले होते असे कोठे म्हटलेले नाही. त्याने त्यास दाराशी पडू दिले, एवढेच. आम्हीही सोनीस दाराशी पडू दिले होते.

शाळा पुन्हा भरते न भरते तोच देशभर एक वार्ता झाली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील मोकाट कुत्री तेथून हलवावीत, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांस निवारागृहात ठेवावे, आणि पुन्हा त्याच आवारात सोडू नये. आवारास नीट कुंपण असावे व त्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी, असेही त्यात होते. मुले हवालदिल झाली. काहींनी सोनीस दप्तरखोलीत लपविण्याची योजना मांडली; एकाने न्यायालयास पत्र लिहिण्याचे मनावर घेतले. मी त्यांस एवढेच विचारले, "न्यायालयाने तिला आपल्या आवारातून हलवावयास सांगितले आहे. घरी नेऊ नका, असे सांगितले आहे काय?" त्याच वर्षी २२ ऑगस्टच्या आदेशात तर प्राणिप्रेमी लोकांनी अशी कुत्री दत्तक घ्यावीत, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी घ्यावी, असे न्यायालयानेच म्हटले होते. वर्गात शांतता पसरली. लपविण्यास पंचवीस हात वर होते. नेण्यास एकही नव्हता.

येथे पालकांच्या भीतीविषयी दोन शब्द लिहितो. प्राण्यांवर प्रेम करणारे लोक पुष्कळदा या भीतीस हसतात. ते योग्य नव्हे. रेबीज एकदा अंगात प्रकट झाला की त्यावर बहुधा इलाज चालत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने दगावतात असा अंदाज आहे, त्यांतील बहुतेकांस तो कुत्र्याच्या चाव्यातून होतो, आणि मृतांत शेकडा ४० च्या आसपास पंधरा वर्षांखालील मुले असतात. ज्या आईच्या लेकरास कुत्रे चावले आहे, तिला भूतदयेचा उपदेश करण्याचा अधिकार मजकडे नाही. तिने घाबरावे हेच स्वाभाविक आहे. मात्र लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिली लस टोचली, तेव्हापासून या भीतीवर उपायही हाती आलेला आहे. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-तिखट काही लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लशीचे सर्व डोस पुरे करावेत. हे प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावे. चावा घरी लपविणे हा सर्वांत घातक अपराध होय.

मग कुत्र्यांचे करावे काय? हा प्रश्न नवा नाही. कंपनी सरकारच्या अमदानीत मुंबईस मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम झाला व मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे इनाम ठरले. त्यावरून जून १८३२ मध्ये पारशी मंडळींनी मोठा दंगा केला. सन १९१० मध्ये कॉन्स्टँटिनोपल शहराने आपली हजारो कुत्री पकडून एका ओसाड बेटावर नेऊन सोडिली. ती तेथे अन्नपाण्यावाचून तडफडून मेली व त्यांचे ओरडणे शहरापर्यंत ऐकू येई, असे सांगतात. मारून पाहिले, हद्दपार करून पाहिले. काही वर्षांनी रस्ते पुन्हा भरले, कारण उकिरडे तसेच राहिले व उरलेल्या कुत्र्यांची पिल्ले वाढत गेली. आपल्या देशात २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग धरला. २०२३ मध्ये ते नियम नव्याने करण्यात आले. शेजारच्या गोव्याने कुत्र्यांस दरवर्षी मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम चालविली व २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. नेटाने केलेले काम फळते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

तथापि हे सर्व उपाय शहराचे झाले. एका विशिष्ट जीवाचे, जो आपल्याला नावाने ओळखतो त्याचे, काय करावे याचे उत्तर त्यांत नाही. लंडन शहरात मेरी टीलबी नावाच्या बाईने १८६० साली चुकलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक आश्रयस्थान काढले. लोकांनी त्या वेळी तिची टिंगल केली, परंतु पुढे बॅटरसी येथे नेलेले ते गृह आजही चालू आहे. तिने दिलेल्या नावातच 'तात्पुरते' असा शब्द होता. आश्रयस्थान हे वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण. मुक्काम हलून पुढे कोणाच्या तरी घरी जाणे हे त्याचे इष्ट असते. निवारागृह कितीही चांगले असले तरी तेथे पन्नास जीवांमागे दोन माणसे असतात. म्हणून आम्ही ठरविले की सोनीस घर शोधावयाचे.

शोध सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांवरची झापड उतरली. पहिल्या घरी मालक भाडेकरूस कुत्रे ठेवू देईना. दुसऱ्या घरी सोसायटीच्या सभेने नाही म्हटले. पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच कळविले आहे की सोसायटीस पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण नियम दाखवून भांडण जिंकता येईल, शेजाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्यांत सोनीने दिवस कसे काढावे? तिसऱ्या घरी आजीबाईंस दम्याचा विकार होता. चौथ्या घरी 'पिल्लू असते तर घेतले असते', पाचव्या घरी 'लंगडी नसती तर', सहाव्या घरी 'परदेशी जातीची असती तर' अशी उत्तरे आली. सातव्या घरी होकार मिळाला. मुलाने हट्ट धरला होता व वडिलांनी वाढदिवसाची भेट म्हणून मान्यता दिली होती. अकराव्या दिवशी ते गृहस्थ सोनीस परत घेऊन आले. ती रात्री रडते, पायपुसणे कुरतडते, मुलाचा उत्साह चार दिवसांत मावळला, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यावर मी रागावलो नाही. त्यांस काय पत्करावे लागेल, हे मीच त्यांस सांगितले नव्हते. घर मिळाल्याच्या घाईत मी घराची परीक्षाच केली नव्हती.

त्यानंतर मुलांनी व मी मिळून काही प्रश्न लिहून काढिले. ते येथे देतो, कारण आपणांपैकी कोणी पुढेमागे असे पाऊल टाकणार असेल, तर त्यास ते उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न वर्षांचा. कुत्रे दहा-बारा वर्षे, कधी त्याहून अधिक जगते. आज आठवीत असलेला मुलगा पदवी घेऊन पुण्यास वा परदेशी जाईल, तेव्हाही ते तुमच्याच ओसरीवर असेल. त्या वेळी त्यास फिरवावयास कोण नेणार?

दुसरा प्रश्न घरातील सर्वांचा. एकाचाही मनापासून नकार असेल, तर तेथे जीव देऊ नये. घरातील बहुतेक काम आईच्या वाट्यास येते हे आपण जाणतोच. तेव्हा तिचा होकार आधी घ्यावा, आणि तो तिला भिडेस पाडून घेऊ नये.

तिसरा खर्चाचा. दरवर्षीची रेबीजची लस, पिल्लू असल्यास पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लशी, जंतांचे औषध, निर्बीजीकरण, आजारपण, आणि महानगरपालिकेकडील नोंदणी. यांची तरतूद आधी करावी.

चौथा सुटीचा. गावी लग्न असेल, मे महिन्यात सर्वजण कोकणात जाणार असतील, तर त्या दिवसांत कोण पाहील, याचे उत्तर नावासह ठरलेले असावे. हा प्रश्न आमच्या चुकीतून आला आहे.

पाचवा धीराचा. नव्या घरात कुत्र्याचे पहिले तीन दिवस भयाचे असतात, तीन आठवडे ओळख होण्यात जातात, आणि आपले घर म्हणून विश्वास बसावयास तीन महिनेही लागतात. अकराव्या दिवशी निकाल देणे म्हणजे पहिल्या चाचणीवरून मुलास शाळेतून काढणे होय.

आहाराविषयी एक गोष्ट नाशिककरांनी विशेष लक्षात ठेवावी. ज्या दोन पिकांनी आपल्या जिल्ह्याचे नाव सर्वदूर नेले, ती द्राक्षे व कांदा, ही दोन्ही कुत्र्यास विषासमान आहेत. द्राक्षांनी व बेदाण्यांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांद्याने, मग तो शिजविलेला का असेना, रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात. मुले प्रेमाने स्वतःच्या डब्यातील कांद्याची भाजी व बेदाणे सोनीस घालीत, आणि मीही पाहत असे. केवळ देवाच्या कृपेने ती वाचली. प्रेमास माहितीची जोड नसली तर त्याच हाताने अपाय होतो.

आणखी एक गोष्ट पालकांस सांगावयाची. पुष्कळ घरांत हजारो रुपये मोजून थंड प्रदेशातील केसाळ जातीचे पिल्लू आणिले जाते. चैत्र-वैशाखातील नाशिकचे ऊन त्यास सोसत नाही. मग त्याचा कंटाळा येतो, आणि एके दिवशी ते महामार्गाच्या कडेस सोडलेले आढळते. पाळलेला प्राणी अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा रीतीने टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने अपराध आहे; आणि कायदा नसता तरी ते पापच होते. आपले गावठी कुत्रे या मातीतले, या हवेतले आहे. त्याच्या आखूड केसांस निगा थोडी लागते, प्रकृती काटक असते, आणि बुद्धीने ते कोणास हार जात नाही. त्यास घर नाही याचे कारण त्याच्यात उणे आहे हे नसून, त्याची किंमत कोणी मोजलेली नाही, हे आहे.

माझे मत कोणी असे समजू नये की प्रत्येक कुटुंबाने कुत्रे पाळावेच. ज्या घरी जागा नाही, वेळ नाही, किंवा मन नाही, त्या घराने नम्रपणे 'नाही' म्हणावे. खरा नकार हा खोट्या होकाराहून कितीतरी दयेचा आहे. ज्यांस घर देता येत नाही, त्यांस दुसरे पुष्कळ करता येते. आपल्या गल्लीतील कुत्र्यांस लस टोचविण्याची खटपट करावी, उकिरडा साचू देऊ नये, जखमी प्राणी दवाखान्यात पोहोचवावा, किंवा घर मिळेपर्यंत चार आठवडे त्यास सांभाळावे. आपल्या नाशकात 'शरण फॉर ॲनिमल्स' यासारख्या संस्था हे काम करीत आल्या आहेत. त्यांच्याकडे जाऊन एक रविवार हात लावावा, म्हणजे या कामात प्रेमाइतकाच फिनेलही किती लागतो ते कळेल.

आता सोनीचे काय झाले ते सांगतो. पौष महिन्यात एका निवृत्त परिचारिकाबाईंस ही हकीकत कळली. त्या एकट्या राहतात. बैठे घर आहे, पुढे अंगण आहे. त्या शाळेत आल्या आणि मी माझे प्रश्न काढण्याच्या आधी त्यांनीच मला विचारावयास आरंभ केला. हिचे वय काय? पाय थंडीत दुखतो काय? फटाक्यांना भिते काय? रात्री रडली तर काय करावे? आणि शेवटी म्हणाल्या, "गुरुजी, मी साठी उलटलेली बाई. मी आजारी पडले, किंवा माझ्या माघारी, हिला कोण पाहील, ते आधी सांगा. नाहीतर मी नेणार नाही."

ज्या घराच्या शोधात आम्ही दीड महिना वणवण केली, ते आपल्या पायांनी चालत आले आहे, हे मला त्या प्रश्नावरून कळले. मी त्यांस माझे नाव दिले. माझ्या पत्नीने घरी त्यास मान्यता दिली होतीच. वर्गातील दोघांनी दर रविवारी तिला फिरवावयास नेण्याचे पत्करले. हे सर्व आम्ही एका कागदावर लिहिले व सर्वांनी सह्या केल्या. कागदास कायद्याने काही मोल नसेल. परंतु नववीतील त्या दोघांनी, जे आता दहावीत आहेत, अद्याप एकही रविवार चुकविलेला नाही. सराव परीक्षेच्या आदल्या दिवशीही नाही, हे त्यांच्या पालकांस माहीत नसल्यास त्यांनी रागावू नये. गुणांवर त्याचा परिणाम झालेला दिसला नाही.

मागच्या आठवड्यात मी तिकडे गेलो होतो. सोनी अंगणात उन्हास पडली होती. पूर्वी मला पाहताच ती धावत येई. या वेळी तिने मान वर केली, शेपूट दोनदा आपटली, आणि आधी बाईंकडे पाहिले. या माणसास आत घ्यावे की नाही, हे ती आता आपल्या घरच्या माणसास विचारीत होती. मला किंचित वाईट वाटले, आणि लगेच फार बरे वाटले.

विद्यार्थिमित्रहो, सुतारकामाच्या खोलीपुढील पडवी आता रिकामी आहे. तेथे दुसरे कोणी येऊन बसेल तेव्हा पोळीचा तुकडा अवश्य द्या. परंतु त्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर वरील पाच प्रश्न लिहा, आणि संध्याकाळी ते पान आईवडिलांपुढे ठेवा. पालकहो, आपल्या मुलाने ते पान पुढे ठेविले तर त्यास हसू नका. 'नाही' म्हणावयाचे असेल तर कारण सांगून म्हणा, आणि 'होय' म्हणावयाचे असेल तर दहा वर्षांचे म्हणा.